मोरीला बोळा

आमच्या घरीं पुस्तकें सुमारें दोन हजार आहेत आणि त्यांतील बरीचशीं आम्हीं वाचलेलींही आहेत. इंग्लंडांतील कोणता कवि कोणत्या नदीच्या कांठीं हिंडला, हें आम्ही वर्गांत गेलीं अठ्ठावीस वर्षें सांगत आलों आहों. परंतु आमच्याच स्वयंपाकघरांत भांडीं घासल्यावर तें पाणी कोठें जातें, असा प्रश्न जर कोणी गेल्या दिवाळीपूर्वीं आम्हांस केला असता, तर "खालीं" यापलीकडे आम्हांस उत्तर देतां आलें नसतें. या अज्ञानाचा भुर्दंड आम्हांलाच बसला असता तर त्याचा बोभाटा करण्याचें कारण नव्हतें. तो भलत्यांनाच बसला, म्हणून हें लिहीत आहों.

पुण्याच्या मनुष्याला पाणी येतें कोठून हें चांगलें ठाऊक असतें. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत नळ बांधून पाणी आणलें गेलें, त्यावर हौद झाले, आणि त्यांतील कांहीं हौदांचीं नांवें अजून पेठांतील लोकांच्या तोंडीं आहेत. पानशेत, वरसगांव, खडकवासला हीं धरणें किती भरलीं याची चौकशी आपण श्रावणांत आप्तेष्टांच्या प्रकृतीइतक्या आस्थेनें करतों. येणाऱ्या पाण्याचा असा थाट. जाणाऱ्या पाण्याची मात्र कोणी विचारपूस करीत नाहीं. तें जाळींतून एकदां दिसेनासें झालें कीं आपला त्याच्याशीं संबंध सुटला, अशी आपली दृढ समजूत असते.

आमच्या आईची अशी समजूत नव्हती, कारण ती तिला परवडण्यासारखी नव्हती. आमचें बालपण राजापूर तालुक्यांतील एका खेड्यांत गेलें. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत दगडी मोरी होती. तिच्या भिंतींत मूठभर भोंक, भोंकाबाहेर चिरलेल्या पोफळीची पन्हळ, आणि पन्हळीच्या टोकाशीं परसांतलें अळूं व त्यापलीकडे केळी. मोरींत पडलेलें पाणी वीस पावलें चालून जाई आणि अळवाच्या फदफद्याच्या रूपानें आमच्याच पानांत परत येई. त्यामुळें मोरींत काय जावें आणि काय जाऊं नये याविषयीं आईचे नियम कडक होते. तांदुळाचें धुवण गुरांच्या घमेल्यांत जाई. उष्टें-खरकटें बोटानें निपटून गोठ्याकडे रवाना होई, आणि चहाचा चोथा अनंताच्या मुळाशीं. कढई आधीं चुलींतल्या राखेनें कोरडी पुसायची आणि मगच तिला पाणी लावायचें. राख तेल शोषून घेते हें रसायनशास्त्र तिला कोणी शिकविलें नव्हतें. एखाद्या पाहुणीनें भाताचीं चार शितें मोरींत सांडलीं तर आई कांहीं बोलत नसे. पाहुणी गेल्यावर ती शितें वेंचून काढी. आम्हां मुलांपैकीं कोणी तसें केलें तर मात्र त्याला पन्हळ धुण्याची शिक्षा मिळे, आणि ती आम्हांस किती वेळां मिळाली हें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं.

रात्रीं निजण्यापूर्वीं त्या भोंकांत चिंध्यांचा बोळा कोंबीत, म्हणजे उंदीर, आणि पावसाळ्यांत साप, आंत येत नसत. "मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा" ही म्हण आई आमच्या वडिलांच्या व्यवहाराला उद्देशून वारंवार वापरी, व वडील ती ऐकूं न आल्यासारखें करीत. तो बोळा रोज रात्रीं घातला जाई आणि रोज पहांटे काढला जाई. पुण्याच्या घरीं आम्हीं जो बोळा घातला, तो घातल्याचें आम्हांस समजलें सुद्धां नाहीं.

आमची सध्यांची इमारत एका जुन्या वाड्याच्या जागेवर उभी आहे. तळमजला आणि वर तीन मजले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. चार मजल्यांवरचीं चार स्वयंपाकघरें एकावर एक येतात, आणि चारींचें पाणी एकाच उभ्या नळांतून खालीं उतरून मागच्या बोळांतील चेंबरमध्यें जातें. गेल्या दिवाळींत पाडव्याच्या दिवशीं आमच्या कुटुंबानें करंज्यांचा दुसरा घाणा काढला. पहिल्या करंज्या मुलांनीं लक्ष्मीपूजनापर्यंतच संपविल्या होत्या, आणि दुसरे दिवशीं भाऊबीजेला तिचे दोन भाऊ येणार होते. करंज्या वनस्पति तुपांत तळलेल्या. एक दोन फुटल्या, सारण कढईभर झालें, आणि शेवटीं दोन वाट्या काळपट तूप कढईंत उरलें. "कढई तेवढी तुम्ही घासा, माझे हात आतां चालत नाहींत," असें ती म्हणाली. आम्हांस या कामाचा कंटाळा नाहीं. आम्हीं एक पातेलेंभर पाणी उकळलें, तूप सिंकमध्यें ओतलें, आणि त्यामागून तें कढत पाणी सोडलें. तूप झरकन निघून गेलें. सिंक चकचकीत झालें. कुटुंबाला बोलावून आम्हीं तें दाखविलें, आणि विज्ञानाचा असा घरगुती उपयोग करणारा प्राध्यापक इंग्रजीचा असूं शकतो याबद्दल स्वतःला थोडी शाबासकीही दिली.

दुसरे दिवशीं सकाळीं साडेदहाच्या सुमारास आम्ही पिशवी घेऊन जिना उतरत होतों, तों तळमजल्याच्या वळणावर आम्हांस थांबावें लागलें. तेथें राहणाऱ्या काकू, वय वर्षें सत्त्याहत्तर, एकट्याच असतात. वर्षांतून एकदां, भाऊबीजेला, त्यांचे धाकटे बंधु साताऱ्याहून येतात. तेहि आतां बहात्तर वर्षांचे झाले आहेत आणि गुडघ्यांनीं अधू आहेत. जिन्याच्या पायरीवर चटई घालून काकूंनीं त्यांना बसविलें होतें आणि त्या त्यांना ओंवाळीत होत्या. घराचें दार उघडें होतें. स्वयंपाकघरांतून राखी रंगाचें पाणी दिवाणखान्याच्या उंबऱ्यापर्यंत आलें होतें आणि त्यावर भाताचीं शितें, चहाची पूड व साबणाचा फेंस तरंगत होता. तो वास जिन्यांतहि येत होता. निरांजन विझूं नये म्हणून काकूंनीं पदराचा आडोसा धरला होता. बंधु मान खालीं घालून बसले होते. आम्ही पिशवी घेऊन तीन पायऱ्या वर उभे राहिलों. ओंवाळून झाल्यावर काकू एवढेंच म्हणाल्या, "या, जा तुम्ही. बासुंदी वर नेऊन ठेवली आहे शेजारीं, तेवढी वांचली."

वरच्या तिन्ही मजल्यांवर त्या वेळीं आंघोळी, भांडीं, धुणें हीं व्यवस्थित चालू होतीं. आमच्या सिंकमधलें पाणी नेहमींसारखें झरझर जात होतें. हीच या गोष्टींतील मेख आहे. नळ खालीं तुंबला म्हणजे वरच्याला कांहींच कळत नाहीं. त्याचें पाणी जातें; तें फक्त तळमजल्याच्या जाळींतून वर येतें. वरचा जितका स्वच्छतेचा भोक्ता, तितका खालच्याच्या घरांत पूर मोठा.

दुपारीं चेंबर साफ करणारा मनुष्य आला. आम्ही त्या वर्षीं सोसायटीचे चिटणीस असल्यामुळें त्याच्याजवळ उभें राहणें आम्हांस भाग होतें. कोणीतरी दुकानांतून कॉस्टिक सोड्याचा डबा आणला होता, आणि तो ओतला म्हणजे काम झटपट होईल असें आम्हीं सुचविलें. तो म्हणाला, "टाका कीं, सर. पण मग आंत हात कोणी घालायचा तें आधीं ठरवा." आम्हीं डबा खालीं ठेवला. त्यानें बांबूची लांब पट्टी घातली, ती अडली. मग तो गुडघ्यांवर बसला, बाही खांद्यापर्यंत सरकविली आणि उघड्या हातानें नळाच्या तोंडांतून एक पांढरट, थिजलेला लगदा ओढून काढला. जुन्या वर्तमानपत्रावर त्यानें तो ठेवला आणि एखादा पंडित जीर्ण पोथी उलगडतो तसा बोटांनीं उलगडला. खालचा काळा थर जुना, दगडासारखा. तो दोन-तीन वर्षांचा असावा असें त्याचें मत पडलें. त्यांत केस, त्यांत कणकेचा चिकटा, त्यांत चहा. "हा सगळ्यांचा," तो म्हणाला. मग वरचा पांढरा थर त्यानें दाखविला. "हा मात्र ताजा आहे. कालचा. यानंच तोंड बंद केलं."

त्या पांढऱ्या थरांत खसखस होती, आणि तीन-चार चारोळ्या होत्या.

संध्याकाळीं जिन्याखालीं सभा भरली. तिसऱ्या मजल्यावर चार विद्यार्थी भाड्यानें राहतात. हीं मुलें रात्रीं-बेरात्रीं अंडीं तळतात, त्यांना घरकाम ठाऊक नाहीं, त्यांच्याकडे शिस्त नाहीं, असें तिघा सभासदांनीं सांगितलें. साफसफाईचे दोन हजार रुपये त्यांच्याकडूनच घ्यावे असें ठरलें. मुलें एका बाजूला उभीं होतीं. त्यांतील एकानें कांहीं बोलण्यासाठीं तोंड उघडलें आणि दुसऱ्यानें त्याला कोपरानें गप्प केलें. त्या सभेंत आम्ही एकच वाक्य बोललों. तें "मुलांना योग्य ती समज द्यावी" हें होतें. वाचकांस आमच्याविषयीं जें वाटेल तें वाटो.

अपराधी मनाला पुस्तकांसारखें लपण्याचें ठिकाण नाहीं. त्या रात्रीपासून आम्हीं मोऱ्यांविषयीं मिळेल तें वाचण्याचा सपाटा लावला, आणि आमचीं जुनीं ओळखीचीं स्थळें आम्हांस नव्या बाजूनें भेटूं लागलीं. ज्या टेम्सचें गुणगान आम्ही वर्गांत करतों, तिच्यांत १८५८ च्या उन्हाळ्यांत लंडन शहराची इतकी घाण सांचली होती कीं नदीकांठच्या पार्लमेंटांतील पडदे चुन्याच्या क्लोराइडांत भिजवून टांगावे लागले. त्यापूर्वीं पटकीच्या सांथींत त्या शहरांतील हजारों माणसें मेलीं होतीं. तेवढ्यानें जें झालें नाहीं तें सभासदांच्या स्वतःच्या नाकापर्यंत दुर्गंधि पोंचतांच कांहीं आठवड्यांत झालें. कायदा मंजूर झाला आणि जोसेफ बॅझलजेट या इंजिनियरानें तें प्रसिद्ध भुयारी गटारांचें जाळें बांधलें. आणि त्याच शहरांत, व्हाइटचॅपल भागांत, २०१७ सालीं गटारांत जो चरबीचा डोंगर सांपडला तो अडीचशें मीटर लांब आणि एकशें तीस टन वजनाचा होता. तो कोणा एका दुष्टानें टाकलेला नव्हता. हजारों घरांतून रोज थोडें थोडें तेल, तूप आणि पुसण्याचीं फडकीं गेलीं, त्यांचा तो झाला. पुढील वर्षीं त्याचा एक तुकडा लंडनच्या वस्तुसंग्रहालयांत कांचेआड मांडण्यांत आला. आमच्या चेंबरांतील लगदा तेवढा भाग्यवान नव्हता.

परंतु आमची झोंप ज्यानें उडविली तें वाक्य अगदीं साधें होतें. कढत पाण्यानें तूप जात नाहीं. तें फक्त पुढें जातें. उकळत्या पाण्याबरोबर तें पातळ होतें, आपल्या नळांतून सुखानें उतरतें, दोन मजले गेल्यावर पाणी निवतें, थंड नळाची भिंत लागते आणि तें थिजतें. म्हणजे ज्याला आम्ही विज्ञान समजलों होतों त्या युक्तीनें आम्हीं आमच्या दाराशीं बसणारा बोळा उचलून काकूंच्या दाराशीं नेऊन ठेवला होता. थिजल्यावर तेवढ्यावरच भागत नाहीं. कुजतांना त्या स्निग्ध पदार्थांतून आम्लें सुटतात, तीं पाण्यांतल्या आणि काँक्रीटांतल्या चुन्याशीं मिळून एक प्रकारचा कठीण साबण बनतो, आणि हा साबण पाण्यांत विरघळत नाहीं. पातळ तेलहि निर्दोष नव्हे. तें गोठत नसलें तरी नळाच्या भिंतीला माखून बसतें, आणि मग जाणारें प्रत्येक शीत, प्रत्येक केस तेथें मुक्काम करतो.

इतकें कळल्यावर घरांत क्रांति होणें अपरिहार्य होतें. आतां आमच्याकडे कढई आधीं रद्दीच्या कागदानें पुसली जाते आणि तो कागद कचऱ्याच्या बादलींत जातो; आमचें इंग्रजी वर्तमानपत्र प्रथमच सर्वांच्या उपयोगीं पडूं लागलें आहे. गार झालेलें तूप चमच्यानें खरवडून रिकाम्या डब्यांत भरायचें. कणीक तिंबलेली परात लगेच ओली करायची नाहीं. वाळूं द्यायची, म्हणजे कणकेच्या खपल्या हातानें निघतात. सिंकवर बारीक भोंकांची जाळी बसविली. न्हाणीघरांतली जाळी दर रविवारीं उचलून केसांचा गुंता काढायचा. हें काम आम्हीं मागून घेतलें आहे, आणि टक्कल पडलेल्या मनुष्याला त्यांत एक प्रकारची निःपक्षपाती दृष्टि ठेवतां येते. पाहुण्यांच्या न्हाणीघरांतून अधून-मधून येणारी दुर्गंधि ही आम्ही वर्षानुवर्षें शेजाऱ्यांची समजत होतों. ती आमचीच होती. जाळीखालीं नळाला जो वांक असतो त्यांत दोन बोटें पाणी सदैव उभें राहतें आणि तेंच गटारांतला वायु अडवून धरतें. न्हाणीघर पडून राहिलें कीं तें पाणी आटतें आणि वाट मोकळी होते. आठवड्यांतून एक तांब्या पाणी ओतलें कीं काम भागतें. एका तांब्याची ही गोष्ट समजायला आम्हांस चौपन्न वर्षें लागलीं.

सिंकखालचा वांक उघडून धुण्याचाहि आम्हीं पराक्रम केला. खालीं बादली ठेवली, चकती फिरविली, वाटी सुटली, आंतील गाळ बादलींत पडला. येथपर्यंत सर्व यथास्थित झालें. मग ती वाटी हातांत घेऊन आम्ही उठलों, सिंकशीं गेलों आणि नळ सोडून ती धुऊं लागलों. सिंकखालीं आतां वांक नाहीं, तो आपल्याच हातांत आहे, हें आम्हांस पाय भिजल्यावर कळलें. कुटुंब दारांत उभें होतें. तें कांहीं बोललें नाहीं. पण त्या दिवसापासून आम्ही काव्यशास्त्रावर बोलूं लागलों कीं त्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट भाव उमटतो.

सोडा आणि आम्ल यांविषयीं मात्र थोडें गंभीरपणें सांगितलें पाहिजे, कारण सुशिक्षित घरांतून हे डबे सर्रास दिसतात. कॉस्टिक सोडा पाण्यांत पडतांच तापतो. डोळ्यांत उडाला तर दृष्टि जाऊं शकते. अपुऱ्या पाण्यांत तो चरबीशीं मिळून नळांतच साबणाची वीट घडवितो. संडास धुण्याचें आम्ल आणि कपडे पांढरे करण्याचें द्रावण हीं एकत्र आलीं तर क्लोरीन हा विषारी वायु निघतो. आणि एवढें करून नळ सुटला नाहीं, तर शेवटीं बोलावलेल्या मनुष्याचा हात त्याच द्रावणांत जातो. त्याला तेथें आधीं काय ओतलें आहे हें बहुधा कोणी सांगतहि नाहीं.

तो हात आमच्या डोळ्यांपुढून जात नाहीं. आईच्या मोरीचें कौतुक आम्हीं वर केलें खरें. पण त्याच गांवांत मोरीपलीकडची घाण कोणी उचलायची हें जातीनें ठरलेलें होतें, आणि आमच्या घरांत त्याबद्दल कोणाची झोंप उडाल्याचें आम्हांस आठवत नाहीं. ज्यांची उडाली असे लोक त्याच जिल्ह्यांत होते. आप्पासाहेब पटवर्धनांनीं १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत भंगीकाम आपल्याला मिळावें म्हणून उपोषण आरंभिलें, आणि त्यांच्यासाठीं गांधींनींहि येरवड्यास उपोषण केलें. त्यानंतर एक्क्याऐशीं वर्षांनीं, २०१३ सालीं, संरक्षक साधनांवांचून माणसाला गटारांत किंवा मैल्याच्या टांकींत उतरविण्यास बंदी करणारा कायदा झाला. तरी माणसें गुदमरून मरत राहिलीं, इतकीं कीं २०२३ च्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये करावी लागली. आमचें चेंबर गुडघाभर खोल. तेथें कोणी गुदमरणार नव्हतें. पण रबरी हातमोज्यांची एक जोडी आणून ठेवणें हें चिटणिसाचें काम होतें, आणि आम्हीं आणला होता सोड्याचा डबा.

महिनाभर आम्ही जिना चढतां-उतरतां काकूंच्या दाराकडे न पाहण्याचा अभ्यास केला. शेवटीं एका रविवारीं दुपारीं गेलों. त्या गहूं निवडीत बसल्या होत्या. आम्हीं सर्व सांगितलें: तूप, कढत पाणी, चारोळ्या, सभा. प्राध्यापकी संवयीमुळें थोडी प्रस्तावनाहि झाली. त्यांनीं गहूं निवडणें थांबविलें नाहीं.

"मला त्याच दिवशीं कळलं होतं," त्या म्हणाल्या. "करंजीच्या सारणांत चारोळी घालणारं घर या इमारतींत एकच आहे. मला डबा आला होता ना तुमच्याकडचा. छान झाल्या होत्या."

"मग सभेंत आपण बोललां कां नाहीं?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट पाहिली."

थोड्या वेळानें त्यांनीं सूप बाजूला ठेवलें आणि विचारलें, "पोरांचे पैसे दिलेत का?"

तिसऱ्या मजल्यावर आम्हांस दोनदां जावें लागलें. पहिल्या वेळीं मुलें घरीं नव्हतीं. दुसऱ्या वेळीं चौघेहि होते. आम्हीं दोन हजार रुपये टेबलावर ठेवले आणि काकूंना सांगितलें तेंच पुन्हां सांगितलें, या वेळीं प्रस्तावनेवांचून. पुढील सभेंत सर्वांसमक्ष हेंच सांगूं असेंहि म्हणालों. ज्या मुलानें त्या दिवशीं बोलण्यासाठीं तोंड उघडलें होतें तो म्हणाला, "सर, आम्ही अंडीं उकडून खातों. तळायला तेल परवडत नाहीं." मग तो उठला आणि त्यानें आमच्यासाठीं चहा ठेवला. चहा गाळून झाल्यावर त्यानें गाळणीचें काय केलें हें पाहण्याचा मोह आम्हांस आवरला नाहीं. खिडकींत प्लास्टिकच्या डब्यांत एक ओव्याचें रोप होतें. चोथा त्यानें त्याच्या मुळाशीं झटकला.